माझ्या रक्ताचं मला विचारा

कळंब, ता. कर्जत
१९ नोव्हेंबर २०२३

जागृती पोरी,

आत्याचं पत्र बघून दचकू नको. घरात फोन हाय, पण मी बोलायला लागले की सगळं घर कान लावून बसतं. शिवाय फोनवर तू "बघू गं आत्या, बघू" म्हणून ठेवून देतेस. कागदावर "बघू" लिहायला तुला लाज वाटेल, म्हणून लिहितेय. सातवीपर्यंत शिकलेय, आणि अक्षर तुझ्या बापापेक्षा बरं हाय.

तर ऐक. गणपतीपासून माझं जेवण उतरत नाय. दोन घास खाल्ले की पोट तट्ट. मग उलटीत काळं पडायला लागलं. कर्जतच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली, आतला तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि रिपोर्ट आल्यावर राजेशला एकट्याला आत बोलावलं. माझा लेक बाहेर आला तो डोळे लाल करून. म्हणाला, "अल्सर हाय आई. मुंबईला दाखवू." अल्सरला कोण रडतं गं?

गेल्या आठवड्यात टेंपो घेऊन आमी मुंबईला आलो, तुझ्याच इस्पितळात. तुला भेटायचं म्हटलं तर राजेश म्हणाला, ती कामात असते. तिथं बाकावर बसले होते तर पांढऱ्या कोटातला एक पोरगा आला, योगेंद्र नावाचा. वाकून म्हणाला, "मावशी, पोटाच्या आजारांवर आमचा अभ्यास चालू आहे. थोडं रक्त द्याल का? आधी सांगा, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय सांगितलंय?" मी तोंड उघडायच्या आत राजेशनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. काचेतून मला दिसत होतं. राजेश त्याला हात जोडत होता. परत येऊन म्हणाला, "सर्व्हेवाला होता." सर्व्हेवाल्याला कोण हात जोडतं?

तू तिथंच रक्तावर शिकतेस ना? तुमी रक्तात काय शोधता ते सांग. आणि मला काय झालंय तेपण सांग.

तुझी
गौराआत्या


मुंबई
२७ नोव्हेंबर २०२३

प्रिय गौराआत्या,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग दोनदा वाचलं. तब्येत जप. पातळ खा, थोडं थोडं खा. फार्महाऊसच्या पाहुण्यांसाठी तू थापतेस त्या भाकऱ्या काही दिवस दुसरं कुणी थापेल.

आम्ही काय शोधतो ते सांगते. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या काही लढणाऱ्या. बाहेरून जंतू आला की त्या तुटून पडतात. पण लढाई संपल्यावर त्यांना कुणी थांबवलं नाही तर त्या आपल्याच शरीराला इजा करतील. म्हणून आणखी एक जात असते, आवर घालणारी. 'पुरे आता, मागे फिरा' असं सांगणारी. त्यांना आम्ही नियामक पेशी म्हणतो. पोटाच्या, आतड्याच्या, अन्ननलिकेच्या काही आजारांत या आवरणाऱ्या पेशी रक्तात जास्त दिसतात. किती जास्त, उपचारांनंतर त्या कमी होतात का, हे मी मोजते. रक्तात चमकणारे रंग मिसळायचे, मग एका यंत्रातून एकेक पेशी लेझरच्या उजेडासमोरून जाते आणि रंगावरून ती कोणत्या जातीची ते कळतं. दिवसभर हेच.

बाकी राजेशदादा सगळं नीट बघतोय. तो सांगेल तसं कर. इथले डॉक्टर फार चांगले आहेत. काळजी करू नकोस, होईल सगळं ठीक.

तुझी
जागृती


कळंब
८ डिसेंबर २०२३

जागृती,

"बघू" लिहिलं नाहीस, पण पानभर तेच लिहिलंस. पेशी समजावल्यास, आणि आजाराचं नाव गिळलंस. 'काही आजारांत.' कोणते काही? तेव्हाच समजले की तुझ्या तोंडालाबी राजेशनी कुलूप लावलंय.

म्हणून मीच विचारलं. परवा तारीख होती. डॉक्टरीणबाई इंग्रजीतून राजेशशी बोलत होत्या. माझं पोट, आणि बोलणं माझ्या डोक्यावरून चाललेलं. मी म्हटलं, "बाई, एक मिनिट. मला कॅन्सर हाय का?"

राजेश म्हणाला, "आई, गप बस ना."

मी म्हटलं, "तुला नाय विचारलं. बाई, माझ्याकडे बघून सांगा."

त्या बाईंनी खुर्ची वळवली, माझ्या समोर आणली. म्हणाल्या, "हो, गौराबाई. जठराचा कॅन्सर आहे. आजूबाजूच्या गाठींपर्यंत गेलाय, पण लिव्हर आणि फुप्फुसं स्वच्छ आहेत. आधी औषधं, मग ऑपरेशन, मग परत औषधं. सोपं नाही. पण करण्यासारखं आहे."

"मरेन का?"

"काही जण वाचतात, काही जण नाही. तुम्ही कोणत्या बाजूला ते मला आज सांगता येत नाही. येत असतं तर सांगितलं असतं."

खरं सांगू जागू? खुर्चीचा दांडा धरून बसले. पण दोन महिने जो गळा आवळला होता ना, सगळ्यांच्या कुजबुजण्याचा, तो सुटला. आपल्याच घरात मी आत आले की बोलणं बंद व्हायचं. माझ्यासमोर सून टीव्हीचा आवाज वाढवायची. आजार माझा, आणि मी सोडून सगळ्यांना माहीत.

बाहेर आल्यावर राजेश भिंतीला टेकून रडला. "तू खचशील म्हणून नाय सांगितलं." मी म्हटलं, "तुझा बाप गेला तेव्हा तू पोटात होतास. दिवस भरेपर्यंत चिखलात लावणी केली मी. तेव्हा खचले का?"

मग मी त्या योगेंद्रला शोधला. तो म्हणाला, "मावशी, ज्यांना स्वतःचा आजार माहीत नाही त्यांचं रक्त आम्हाला अभ्यासाला घेता येत नाही. तुम्हाला सांगावं लागलं असतं, म्हणून तुमच्या मुलानं मला परत पाठवलं." बघ. मला सांगितल्याशिवाय माझं रक्त घेता येत नव्हतं, आणि मला सांगायचं तर राजेशला नको होतं. त्यानी सगळं वाचून दाखवलं. राजेश म्हणाला, "मी करतो सही." योगेंद्र म्हणाला, "नाही दादा, त्यांचीच लागते." किती बरं वाटलं म्हणून सांगू! सही केली, औषध सुरू व्हायच्या आधी रक्त दिलं. गर्द होतं, छान होतं.

आता तू मला खरं लिहिणार असशील तर लिही. नायतर लिहू नको.

गौराआत्या


मुंबई
१५ डिसेंबर २०२३

गौराआत्या,

पहिल्या ओळीतच लिहिते: मला माहीत होतं. राजेशदादानं बाबांची शपथ घातली होती. ती मी मानायला नको होती. रोज ज्या आजारावर काम करते त्याचं नाव मला माझ्याच आत्याला सांगता आलं नाही. चुकले. पुन्हा असं होणार नाही.

आता खरं ते लिहिते. जठराच्या कॅन्सरमध्ये गाठ या आवरणाऱ्या पेशींना आपल्याभोवती गोळा करते. त्या तिथे उभ्या राहून लढणाऱ्या पेशींना मागे रेटतात, आणि गाठ निवांत वाढते. म्हणून आम्हाला वाटतं की रक्तातल्या या पेशींवर लक्ष ठेवलं तर आजार कुठे चाललाय ते लवकर कळेल. वाटतं म्हणजे अजून सिद्ध झालेलं नाही.

आणखी एक गोष्ट. तुझं रक्त माझ्या टेबलावर येईल, पण कोणतं तुझं ते मला कळणार नाही. नळीवर फक्त आकडा असतो. नावांची यादी योगेंद्रकडे असते आणि ती मला बघायची नसते. तसं केलं नाही तर माझा हात माझ्या मनासारखं मोजेल.

कधी काय विचारायचं ते विचार. माहीत असेल ते सांगेन. नसेल तर 'माहीत नाही' असंच लिहीन.

तुझी
जागृती


कळंब
१८ फेब्रुवारी २०२४

जागू,

तिसरी सलाईन झाली. हात-पाय मुंग्यांनी भरलेत, थंड पाण्याला हात लावला की वीज लागल्यासारखं होतं. केस गेले. सून ओढणी बांधून देते, मी सोडून टाकते, डोकं तापतं.

बऱ्या दिवसांत मी फार्महाऊसवर जाते, चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या थापायला. मुंबईची माणसं बघायला गोळा होतात ना, म्हणून चूल उघड्यावर हाय. मॅनेजर जवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, डोक्यावरून पदर घ्या जरा. गेस्ट विचारतात." मी म्हटलं, "सांग की मग. कॅन्सर हाय म्हणावं. लागत नाय कुणाला. आणि आता भाकरीत केस सापडायची भीतीबी नाय." एक गेस्टबाई हे ऐकून हसली आणि मग तिथंच बसून राहिली. तिची आई याच आजारानं गेली म्हणे, शेवटपर्यंत तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तुमाला निरोगी माणसांचं रक्तपण लागतं, तुलनेला, असं योगेंद्र म्हणाला. मी गोमाभावजींना म्हटलं, चला. हेच माझे मोठे दीर गावभर सांगत होते की गौराचं रक्त इस्पितळवाले विकतात. मी चारचौघांत विचारलं, "भावजी, घाबरता काय सुईला?" मिशी आहे म्हटल्यावर येणं भाग होतं. सुई टोचायच्या आधीच, नुसता कापूस लावला तर आडवे झाले. दोघांनी उचललं. शुद्धीवर येऊन म्हणतात, "घे आता, आलोच हाय तर." दिलं बिचाऱ्यांनी. आता गावभर सांगतात की त्यांचं रक्त शास्त्रज्ञांनी मागून नेलं.

एक विचारते. माझ्यात त्या आवरणाऱ्या पेशी किती? जास्त म्हणजे वाईट, हो ना? राजेशसारख्याच त्या, "गप बस आई, शांत राहा" म्हणणाऱ्या. पुढच्या महिन्यात ऑपरेशन हाय. त्याआधी सांग. तू खरं सांगेन म्हणालीस.

गौराआत्या


मुंबई
२६ फेब्रुवारी २०२४

आत्या,

मला माहीत नाही. टाळत नाही, खरंच माहीत नाही. माझ्या यादीत नाव नाही, फक्त आकडे आहेत. काही आकड्यांपुढे पेशी पुष्कळ, काहींपुढे कमी. तू त्यांतली कोण ते मला ठाऊक नाही.

आणि त्या पेशी वाईट नाहीत गं. त्या नसतील तर माणूस स्वतःच्याच रक्ताने आजारी पडतो. गाठ त्यांचा फायदा घेते, एवढंच.

ऑपरेशनच्या दिवशी मी खाली बसलेली असेन.

जागृती


मुंबई
९ मे २०२४

आत्या,

ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेर होते. राजेशदादा म्हणाला, "आईला सध्या कुणी नको." नंतर वॉर्डात आले तर तू भिंतीकडे तोंड करून पडलीस. झोपली नव्हतीस, मला कळलं.

बाबा चौक गावाहून येऊन तुला बघून गेले. जठराचा मोठा भाग काढला, जखम भरतेय, वाटीवाटीनं जेवतेस, एवढं त्यांच्याकडून कळतं. दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. तुला वाटतंय की मी पुन्हा लपवतेय. कसं पटवू? माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते तुला खोटं वाटतं.

रागाव, पण लिही.

जागृती


कळंब
२३ जून २०२४

जागृती पोरी,

तुझी सगळी पत्रं मिळाली. फाडली नायत, पण उत्तरबी दिलं नाय. मला वाटलं, आकडा वाईट आलाय आणि पोरगी तोंड चुकवतेय. एकदा फसवलं की माणूस पुढचं खरंही फसवणूकच समजतो. ऑपरेशनला आत नेताना मी मनात म्हणत होते, जास्त असतील तर असू देत, मी तुमच्या बापाला भीत नाय. पेशींना म्हणत होते. आणि तुलाबी थोडं.

गेल्या गुरुवारी दुसरं रक्त द्यायला आले. तू पुण्याला गेली होतीस, कसल्याशा परिषदेला. बरंच झालं. मी योगेंद्रला म्हटलं, "मला ते ठिकाण दाखव जिथं माझी भाची काम करते." तो म्हणाला, आत नेता येत नाय, काचेतून बघा.

काचेतून बघितलं. तुझं टेबल दाखवलं त्यानी. जाळीत नळ्या उभ्या, झाकणं जांभळी. मी नाक काचेला लावून वाचायला गेले. नाव कुठंच नाय. रेघा आणि आकडे. सगळ्या नळ्या सारख्या. कोण जमीनदार, कोण भाकऱ्या थापणारी, कोण मेलेला, कोण जिवंत, काय कळत नाय.

मी विचारलं, "यात माझी कोणती?"

योगेंद्र म्हणाला, "ते मला बघता येतं, मावशी. तिला नाही. आणि मी तिलाही सांगणार नाही, तुम्हालाही नाही."

"तिनी कधी विचारलं का?"

तो म्हणाला, "विचारलं नाही. पण तुमच्या ऑपरेशनच्या आठवड्यात तिनं एकही नळी मोजली नाही. म्हणाली, हात स्थिर नाहीत, दुसऱ्या कुणाला द्या."

मी तिथंच काचेला टेकून उभी राहिले. राजेशला वाटलं चक्कर आली.

पैल्यांदा तू लपवलंस आणि मी ओळखलं. दुसऱ्यांदा तू खरं सांगितलंस आणि मी ओळखलं नाय. फिटंफाट.

औषधाच्या शेवटच्या खेपा चालू हायत. वाटीभर पेज, तासानं परत वाटीभर. तोंडाला चव आली की सुकट खाईन. तुला येताना खोपोलीच्या बाजारातली आणायला सांगणार होते, पण तू आणशील ती वाळूवाली. तुझ्या बापाला, दशरथलाच सांगते.

तुझी
गौराआत्या


मुंबई
११ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

या वर्षभरात चार वेळा तुझ्या घरी जेवले, पण ही गोष्ट लिहून सांगायची होती. अभ्यास पूर्ण झाला.

आजारी माणसांच्या रक्तात आवरणाऱ्या पेशी निरोगी माणसांपेक्षा जास्त निघाल्या. ऑपरेशननंतर बऱ्याच जणांच्या उतरल्या, सगळ्यांच्या नाही. आणि ज्या प्रश्नावरून तू माझ्याशी बोलणं टाकलंस त्याचं उत्तर असं: ज्यांच्या पेशी जास्त होत्या, त्यांच्यात आजार परतण्याचं प्रमाण थोडं अधिक दिसलं. पण खूप जास्त असलेले काही जण आज शेतावर आणि दुकानात कामाला आहेत. आणि कमी असलेले काही जण गेले. शेकडो माणसं एकत्र पाहिली की एक कल दिसतो. एका माणसापुरता तो आकडा काहीच ठरवत नाही. मोठ्या सभेत सांगताना मी हेच शेवटी सांगितलं. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, हे वाक्य काढा, निष्कर्ष कमजोर वाटतो. मी म्हटलं, "नाही काढणार. ज्यांनी रक्त दिलं ती माणसं मला जाब विचारतात."

आता यादी उघडायला हरकत नाही. योगेंद्रनं विचारलं, बघायचंय का? मी नाही म्हटलं. तुला हवं असेल तर तू माग. ते तुझं आहे.

तुझी
जागृती


कळंब
२८ ऑक्टोबर २०२५

जागू,

आकडा नको मला. तू लिहिलंस ते वाचलं, पुरं झालं. ते वाक्य काढलं नाहीस हे चांगलं केलंस.

आता दुसरं लिहिते, ते धीरानं वाच.

दर खेपेचा स्कॅन झाला होता. रिपोर्ट आणायला काल राजेश एकटा मुंबईला गेला. मी म्हटलं होतं, मी येते, तर म्हणाला भात कापून पडलंय, आभाळ भरलंय, तू बघ. दिवाळी होऊन गेली तरी पाऊस जायचं नाव घेत नाय यंदा. अर्धं भात खाचरात आडवं, वर ढग काळे. माणूस मिळत नाय. मी आणि सून दुपारपासून भारे बांधत होतो.

चारच्या सुमाराला टेंपो रस्त्याला लागला. राजेश उतरला आणि घरी न जाता सरळ बांधावरून माझ्याकडे आला, मुंबईच्या बुटांनी चिखलात. मी त्याच्या चालण्यावरून ओळखलं. म्हटलं, आता हा काय सांगतो बघू. अल्सर सांगतो, का सर्व्हेवाला सांगतो.

तो समोर उभा राहिला. म्हणाला, "आई, परत आलाय. लिव्हरवर डाग हाय. एकच हाय, लहान. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधं आहेत, पण पैल्यासारखं पूर्ण बरं होणं कठीण. मी विचारलं किती दिवस. त्या म्हणाल्या, ते आईंना घेऊन या, त्यांच्यासमोर बोलू."

सगळं सांगितलं बघ. काय लपवलं नाय, काय गोड केलं नाय. आवाज फाटत होता, पण शेवटपर्यंत बोलला. मग तिथंच बांधावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. सूनबाईनी कोयता खाली टाकला.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? अजून पुष्कळ करायचं होतं. पण त्याच वेळी राजेशकडे बघून वाटलं, हा आता बाप्या झाला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, "सोमवारी जाऊ. औषध देतील ते घेऊ. जे विचारायचं ते मी विचारीन. नकोसं झालं तर तेबी मीच सांगीन, आणि तेव्हा तुमी कुणी मला समजवायला यायचं नाय. कबूल?"

"कबूल."

तेवढ्यात माथेरानच्या बाजूनं गडगडलं, आणि गार वारं सुटलं. थेंब टपटपायला लागले. मी म्हटलं, "ऊठ रं. रडायला रात्र पडलीय. ताडपत्री काढ टेंपोतली." बूट फेकून तो धावला. सून भारे उचलायला लागली. गोमाभावजी पलीकडच्या शेतातून ओरडत आले, त्यांनी दोरी धरली. मीबी एक भारा उचलला, डोक्यावर घेतला, टेंपोकडे निघाले.

राजेश ओरडला, "आई, ठेव तो! तू बस!"

मी बसले नाय.

तुझी
गौराआत्या